उजव्या हाताची गाठ

पिशवी खुंटीवरच होती. गाठ मात्र वसरामची नव्हती.

वसराम राठोड रोज सकाळी चूळ भरून मागच्या खोलीत यायचा आणि आधी त्या पिशवीकडे बघायचा. देवाकडे नंतर. त्या रविवारी त्यानं बघितलं, पुढे गेला, थांबला आणि मागे आला. गाठीचं टोक उजवीकडून निघालं होतं. वसराम डावखुरा. त्याच्या हातच्या गाठीचं टोक डावीकडून निघतं. बाकी सगळं बरोबर होतं. दोन वेढे, मधे फास, टोक खाली दाबलेलं. बांधणाऱ्यानं मन लावून बांधली होती. पण ती आरशात दिसावी तशी होती.

"पारू! पिशवीला कोणी हात लावला?"

पारुबाई अंगणात चुलीपुढे होती. "कोण लावंल? उंदीर आला आसंल."

"उंदीर सोडंल. सोडून परत बांधंल व्हय?"

"मंग शिकला आसंल तुमचं बघून."

सकाळी सकाळी थट्टा वसरामला सोसत नसे. त्यानं पिशवी खाली घेतली. गाठ लगेच सोडली नाही, चारी बाजूंनी बघून घेतली. मग सोडली आणि आतलं सामान एकेक करून घोंगडीवर मांडलं.

आधी कुऱ्हाड. लहान, एका हाताची. पातं ट्रकच्या कमानपाट्याचं, एका घिसाड्यानं वसरामला समोर बसवून ठोकलेलं. दांडा तिवसाच्या लाकडाचा, वसरामनं स्वतः तासलेला, डाव्या मुठीनं घासून मधे जरा खोल गेलेला. मग चकमक. पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि बांबूच्या नळीत जळका कापूस. लायटर स्वस्तात मिळतो, असं लोक त्याला सांगत. भिजलेला लायटर म्हणजे खिशातला खडा, असं तो लोकांना सांगे. मग अंबाडीचा दोर. नायलॉनवर त्याचा भरवसा नव्हता. नायलॉनची गाठ बांधताना घट्ट दिसते आणि तुम्ही झोपलात की सुटते. मग सळईच्या मेखा, डोकं वळवलेल्या. जर्मलचं पातेलं, त्याचं झाकण असं खोल की त्यातच कालवण वाढून घ्यावं. शेवटी दाभण, सुतळी आणि मेणाचा खडा.

काहीच गेलं नव्हतं. वसरामला तेच खटकलं. वस्तू घेऊन जाणारा माणूस कळतो, त्याला ती वस्तू पाहिजे असते. घेऊन, वापरून, पुसून परत ठेवणाऱ्याला काय पाहिजे असतं?

कारण सामान वापरलेलं होतं. कुऱ्हाडीच्या धारेला ओल्या बाभळीचा चिकटा. नळीतला कापूस आखूड झालेला. पातेल्याच्या बुडाला ताजी काजळी, बोट लावलं तर उठणारी. मेखांची डोकी ठोकून चकाकत होती आणि टोकाला काळी चिकण माती होती. तशी माती तांड्यात नाही. ती धरणाच्या काठाला आहे.

ही पिशवी म्हणजे वसरामची तीस-बत्तीस वर्षं. विजेच्या टॉवर लाइनच्या गँगमध्ये तो मिसरूड फुटायच्या आधी लागला आणि गुडघा गेल्यावर परत आला. टॉवर लाइन रस्त्यानं जात नाही, सरळ जाते. मधे नाला येवो, डोंगर येवो, तुरीचं रान येवो. खड्डे खणायचे, सांगाडा उभा करायचा, वर चढून तार ओढायची. काम पुढे सरकलं की पाल मोडायचं, उचलायचं, पुढे नेऊन ठोकायचं. घरून आणलेलं सामान पाठीवर. जास्त घेतलं तर चालताना जीव जातो, कमी घेतलं तर मुक्कामाला गेल्यावर. काय घ्यायचं हे वसराम पहिल्या दोन वर्षांत शिकला आणि त्यानंतर त्यात फक्त एका दाभणाची भर पडली.

गँगमधल्या सगळ्यांना कंत्राटदारानं सारख्याच खाकी पिशव्या दिल्या होत्या. म्हणून ज्यानं त्यानं आपापली गाठ ठरवली. पालात उजेड नसला तरी मुकादम नुसता हात फिरवून सांगायचा, ही वसरामची, ही देविदासची. दुसऱ्याच्या गाठीला कुणी हात लावायचा नाही, ही एकच शिस्त होती आणि ती कुणी मोडली नाही.

आता कुणीतरी मोडली होती.

पहिला संशय योगेशवर गेला. जायलाच पाहिजे होता. योगेश हिंगोलीचा, तिशीतला. दिवाळीच्या आधी त्यानं सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याकाठची माणिकरावांची पडीक पट्टी भाड्यानं घेतली. माणिकराव शेजारच्या गावचे मोठे शेतकरी. तांड्यातली निम्मी माणसं त्यांच्या हळदीत कामाला. त्या पट्टीवर योगेशनं नारंगी रंगाचे तंबू लावले आणि एक दिवस तो वसरामच्या अंगणात येऊन बाजेवर बसला.

"बाबा, शनिवार-रविवार लोक येतात. नांदेडचे, परभणीचे. तंबूत राहतात. शेकोटी, चुलीवरचं जेवण."

"घर न्हाई त्यांला?"

"आहेत की. बंगले आहेत."

"मंग काहून येतेत?"

"मजा म्हणून."

वसराम त्याच्याकडे बघत राहिला. माणूस तंबूत झोपतो ते दुसरीकडे जागा नसते म्हणून. बंगला सोडून, वर पैसे मोजून जो तंबूत येतो तो एक तर कुणापासून पळून आलेला असतो, नाही तर जमिनीत काही शोधायला आलेला असतो. गुप्तधनवाले असेच येतात, गोड बोलत. मोजणीवाले पण आधी रंगीत झेंडे लावतात, मग कागद येतो.

"तंबू नारंगी काहून?"

"लांबून दिसावेत म्हणून."

"कोनाला?"

योगेश हसला. मग त्यानं खिशातून एक मेख काढून दाखवली. हलकी, चकचकीत, करंगळीएवढी. वसरामनं ती दोन बोटांत धरून वाकवली आणि परत दिली.

"वारं सुटलं तर तुमचा पतंग व्हईल."

"म्हणून तर आलोय बाबा. तुम्ही ठोका तुमच्या पद्धतीनं. पाहुण्यांना तुमचं सामान दाखवा. चकमक वगैरे."

"तुमचं काम मला समजून न्हाई राहिलं. जे समजत न्हाई ते काम मी करत न्हाई."

पारुबाई चहा घेऊन आली होती. दाराला टेकून तिनं विचारलं, "तिथं रांधतं कोण?"

"सध्या हिंगोलीहून डबे येतात, मावशी. थंड होतात."

"पारू," वसराम म्हणाला, "बकरी बांध."

बकरी बांधलेलीच होती. पारुबाई आत गेली.

योगेश तिथून उठून देविदास चव्हाणाकडे गेला आणि देविदास हो म्हणाला. देविदास वसरामच्या बरोबरीचा. एकाच तांड्यातला, एकाच गँगचा, एकाच पालातला. कंबर धरलेली, लेक मिना पदरात, दुसरं काम झेपत नव्हतं. पाणी भरायचं, तंबू राखायचे. वसरामला ते आवडलं नाही.

त्यानंतर दर रविवारी गाठ उलटी सापडू लागली.

वसराम दर वेळी ती सोडून आपल्या हातानं बांधून ठेवायचा. आठवडाभर टोक डावीकडे राहायचं आणि पुन्हा शनिवार उलटला की उजवीकडे. योगेशचं नाव त्यानं सोडून दिलं. शहरातल्या माणसाला ही गाठ बांधता येणार नाही, त्यांचं सगळं चेन ओढून उघडतं. मुलगा बालाजी हिंगोलीच्या हळद बाजारात हमाली करतो, सणालाच येतो. शेजारची पोरं बांधतील तर साधी सुरगाठ.

एका दुपारी तो बाजेवर बसून स्वतःच्याच हातांकडे बघत होता. डाव्या हातानं हवेत गाठ बांधून बघितली. मग कल्पना केली, की समोर कुणी बसला आहे आणि तो उजव्या हाताचा आहे. त्यानं बघून बघून तशीच बांधली तर? टोक त्याच्या उजवीकडून निघेल. शेजारी बसून शिकला असता तर असं झालं नसतं. हा माणूस समोर बसून शिकला आहे.

समोर कोण बसायचं? चुलीच्या अल्याड वसराम, पल्याड देविदास. वर्षानुवर्षं. गँगमध्ये माणसं अकरा. मुकादम वारला. दोघं बिहारचे, गावी गेले. बाकीचे कुणी नांदेडकडे, कुणी यवतमाळला, एक तारेवरून पडून गेला. वसरामनं एकेकाचं नाव घेऊन बोट मिटलं. शेवटी एकच बोट राहिलं.

देविदास पिठाच्या गिरणीपाशी भेटला. डोक्यावर मफलर, हातात डबा.

"काय वसराम, गुडघा काय म्हनतो?"

"गुडघा गप हाय. तू बोल. काय करतोस तिथं दिवसभर?"

"पानी भरतो. तंबू राखतो. आन् शहरातल्या बायांना सांगतो, ताई, बेडूक चावत न्हाई."

"चुलीला लाकडं कोण फोडतं?"

देविदासनं हनुवटी खाजवली. "फुटतेत."

"आपोआप?"

"कुऱ्हाड चांगली असली की आपोआपच फुटतेत, गड्या." आणि तो हसला. हसता हसता त्यानं गिरणीकडे तोंड फिरवलं.

ते तोंड फिरवणं वसरामनं बरोबर टिपलं. घरी येऊन त्यानं पारुबाईला सगळं सांगितलं. गाठ, माती, हसणं.

पारुबाई तूर निवडत होती. तिचे हात थांबले. "समजा कोणी नेलं. परत आनून ठेवलं न्हाई का? धार बी लावून ठेवली. तकलीफ काय झाली तुमाला?"

"धार कोणत्या अंगानं लावली ते बघ. उजव्या. माझ्या हातात ती आता तिरपी बसती."

"हे मला ठाऊक नव्हतं," पारुबाई म्हणाली.

"तुला कसं ठाऊक असंल?"

"मला काही सांगायचं व्हतं," ती म्हणाली.

"आधी चोर घावू दे. मंग सांग."

ती पुन्हा तूर निवडायला लागली.

शनिवारी वसराम हिंगोलीला दवाखान्यात जातो म्हणून निघाला. फाट्यावर एसटी आली, थांबली, गेली. तो चढला नाही. फाट्यावरच्या हॉटेलात त्यानं चहा घेतला, मग दुसरा घेतला आणि परत फिरला. घराला कडी होती. पारुबाई शनिवारी पलीकडच्या तांड्यावर बहिणीकडे जायची, हे त्याला ठाऊक होतं. चोरालाही ठाऊक असणार, असं त्याच्या मनात आलं, आणि देविदासनं तिची वेळसुद्धा साधली म्हणून त्याला जास्तच राग आला.

पिशवी खुंटीवर सपाट लोंबत होती. आत फक्त दाभण, सुतळी आणि मेण.

धरणाच्या काठापर्यंत वाट उताराची. चांगल्या गुडघ्याला उतार सोपा, वाईट गुडघ्याला चढ. वसराम कडेकडेनं, काठी आधी टेकून उतरला. वाटेत त्याला एक गोष्ट आठवायला हवी होती आणि ती आठवलीही. तांड्यातल्या माणसाला बाहेरच्या माणसासमोर चोर म्हणायचं नाही. भांडा, मारा, तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर बसून दिवसभर शिव्या द्या, पण तो शब्द बाहेर न्यायचा नाही. कारण बाहेरच्यांच्या तोंडात तो आधीपासून असतो. त्याच्या बापाला एकदा एका हरवलेल्या बैलापायी दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं होतं. बैल आपला आपण घरी आला. बापाला चालत यावं लागलं.

हे सगळं आठवलं आणि तरी तो उतरत राहिला.

पट्टीवर नारंगी तंबू होते, आणि त्यांच्या मागे एक कॅनव्हासचं जुनं पाल, चारी कोपरे ताणून, अगदी गँगमध्ये ठोकायचे तसं. पालाच्या मागून धूर निघत होता. पाण्याच्या बाजूला पाहुण्यांची लेकरं चेंडू खेळत होती. माणिकराव प्लास्टिकच्या खुर्चीत चहा पीत होते. बाजूला योगेश. देविदास पाइप धरून टाकी भरत होता.

"देविदास, कुऱ्हाड काढ."

"कोनती?"

"जिच्यानं लाकडं आपोआप फुटतेत ती."

देविदासनं पालाकडे एकदा बघितलं. मग हलक्या आवाजात, त्यांच्या घरच्या गोरमाटी बोलीत म्हणाला, "वसराम, घरी चल. वाटेत बोलू."

वसरामनं उत्तर मराठीत दिलं. खुर्चीवर बसलेल्यांना समजावं म्हणून.

"वाटेत काहून? इथंच बोल. माझ्या घरातून सामान नेतोस, वापरतोस, आणून ठेवतोस. चोर हाय हा, मालक. तुमी याच्यावर तंबू सोपवून राहिले."

चेंडू खेळणाऱ्या लेकरांची आई वळून बघायला लागली. माणिकरावांनी कप खाली ठेवला.

"काय गेलं, वसराम?"

"कुऱ्हाड. चकमक. दोर. मेखा."

"हं." माणिकरावांनी देविदासकडे नवीनच माणूस असल्यासारखं बघितलं. "माझ्या बी स्प्रिंकलरच्या दोन तोट्या सापडून न्हाई राहिल्या. मी म्हनलं गेल्या कुठं."

"काका," योगेश म्हणाला, "खरं आहे का हे?"

देविदासच्या हातातला पाइप टाकीबाहेर आला होता आणि पाणी त्याच्या पायावर पडत होतं. एका शब्दात तो मोकळा झाला असता. तो शब्द त्यानं काढला नाही.

पालाच्या मागे लाकूड फोडल्याचा आवाज येत होता. तो थांबला. पारुबाई बाहेर आली. कोपरापर्यंत पीठ, डोक्याला पदर घट्ट बांधलेला, उजव्या हातात कुऱ्हाड.

"कुऱ्हाड माझ्याजवळ हाय," ती म्हणाली. मराठीतच. "दिवाळीपासून मीच नेती. देविदासभाऊंनी हात बी न्हाई लावला."

वसरामला खूप काही विचारायला हवं होतं. तोंडातून भलतंच निघालं. "तुला गाठ कोणी शिकवली?"

"कोन शिकवंल? चुलीच्या त्या अंगाला देविदासभाऊ बसायचे आन् त्यांच्या शेजारी मी भाकरी टाकायची. तुमी रोज समोर बसून पिशवी बांधायचे. मी बघायची. समोरून बघितलेलं उलटंच येनार."

गँगमध्ये माणसं अकरा, असं वसराम कुणालाही सांगायचा. अकरा जणांच्या भाकरी कोण थापायचं, पाल मोडल्यावर तवा, परात आणि पिठाचं पोतं डोक्यावर घेऊन कोण मागून चालायचं, हे त्यानं कधी त्या आकड्यात धरलं नव्हतं. कोण किती ओझं उचलतो हे डोळ्यांनी तोलणारा माणूस तो. आणि त्याच्या घरातलं ओझं त्याला दिसलं नाही.

देविदासनं पाइप बंद केला. नीट वेढे घालून गुंडाळला, खुंटीला अडकवला. टाकीचं झाकण लावलं. डबा घेतला आणि चालू लागला.

"काका, अहो काका," योगेश म्हणाला. देविदास वळला नाही.

"तुमी घरी जा," पारुबाई वसरामला म्हणाली. "इथं मानसं जेवायची हायेत." आणि ती पालामागे गेली.

ती संध्याकाळी आली. हातपाय धुऊन ओट्यावर बसली.

"बहिणीकडं जाते म्हनायची," वसराम म्हणाला.

"व्हय. खोटं बोलले."

"खरं सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर काय म्हनले असते?"

वसराम खोटं बोलला नाही. "न्हाई म्हनलो असतो."

"मंग? मला जायचं व्हतं. पाल ठोकलं, चूल मांडली, खाली पानी दिसतं. मला त्या कामाची गोडी हाय. तुमचा गुडघा गेला म्हनून माझी गोडी जाईल व्हय? तिथं बाया विचारतेत, मावशी, हे कसं केलं? इतकी वर्षं मला कोनी इचारलं न्हाई." तिनं पदरानं पायावरचं पाणी पुसलं. "देविदासभाऊ म्हनले व्हते, वहिनी, आज ना उद्या वसरामला सांगा, मी हसून हसून किती दिवस झाकू. मीच म्हनलं, थांबा. माझं जाऊ द्या आता. त्यांच्या नावाचं काय करता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वसराम देविदासच्या दारात गेला. मिना अंगण झाडत होती.

"बाबा घरात हायेत," ती म्हणाली, "पन न्हाईत म्हनून सांग म्हनले."

"त्याला सांग, वसराम आला."

आतून आवाज आला. "मिना, त्याला इचार, तो काल किती जणांसमोर बोलला?"

मिनानं झाडू खाली ठेवून वसरामकडे बघितलं.

"देविदास, चुकलं माझं," वसराम म्हणाला. गोरमाटीत म्हणाला.

"इथं नको," आतून देविदास म्हणाला. "जिथं बोललास तिथं जाऊन सांग. आन् मराठीत सांग."

माणिकराव त्यांच्या मोटारीच्या खोलीपाशी होते. योगेश पण तिथंच, पंपाच्या वायरचं काही विचारायला आलेला. वसराम दोघांसमोर उभा राहिला.

"काल मी देविदासला चोर म्हनलो. ते खोटं व्हतं. सामान माझ्या बायकोनं नेलं व्हतं. माझ्या घरातून माझ्या घरच्या मानसानं."

"झालं ते झालं, बाबा," योगेश म्हणाला. "काकांना पाठवा. पाणी कोण भरणार?"

"मिटलं ना? बरं झालं," माणिकराव म्हणाले. "तुमचं तुमच्यात."

ते बोलताना दाराला कडी-कोयंडा बसवत होते. नवीन, दुकानातून आणलेला. इतकी वर्षं त्या खोलीचं दार तारेच्या तुकड्यानं अडकवलेलं असायचं.

"कुलूप काहून, मालक?"

"काही न्हाई रे. असावं."

"तोट्या सापडल्या का?"

"सापडतील कुठंतरी." माणिकराव त्याच्याकडे न बघता स्क्रू फिरवत होते. "तुला काही म्हनून न्हाई राहिलो, वसराम."

कोयंडा तिरका बसत होता. त्यांच्या हातून स्क्रू सरळ जात नव्हता. वसराम थोडा वेळ बघत राहिला. वाकडं काम त्याला बघवत नसे. त्यानं पुढे होऊन कोयंडा धरला, लाकडाला सरळ केला आणि दाबून ठेवला. माणिकरावांनी स्क्रू आवळले. कुलूप नीट बसलं. मग वसराम काठी टेकत वर आला. ते कुलूप कुणासाठी आहे, हा प्रश्न त्याला वाटेत पुन्हा पुन्हा पडत राहिला. देविदाससाठी, त्याच्यासाठी, बालाजीसाठी, तांड्यातल्या लेकरासाठीसुद्धा.

देविदास दोन दिवसांनी कामावर गेला. संध्याकाळी परतताना तो वसरामच्या अंगणात थांबला. पारुबाई आता न लपवता तिथं जायची; ती त्याच्या मागूनच आली आणि आत गेली. देविदासनं सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. पायजम्याचे काढले. डब्याचं झाकण उघडून पुढे धरलं.

"बघ."

"देविदास, हे काय लावलंस?"

"बघून घे. बराबर हाय का?"

वसराम जमिनीकडे बघत राहिला.

"तू बघितल्याशिवाय मी जात न्हाई. उभाच राहीन."

वसरामनं बघितलं. देविदासनं खिसे आत घातले आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पहिल्यांदा शेजारचे जमले, मग कंटाळले. वसराम पारुबाईला म्हणाला, तू सांग त्याला. ती म्हणाली, मी काहून सांगू, चोर मी कुठं म्हनलं? तेव्हापासून वसराम संध्याकाळ झाली की बाजेवरून उठून उभा राहायचा. येणाऱ्या माणसाकडे बसून बघणं बरं नव्हे.

आणि बघायचंच तर तो नीट बघायचा. अर्धवट बघणं त्याला जमत नव्हतं. बिडीचं बंडल, माचीस, पाच-दहाची चिल्लर, मिनानं दिलेला रुमाल. मग एक दिवस गोळ्यांचं पाकीट दिसलं. दुसऱ्या दिवशी तेच पाकीट. त्यानंतरही तेच.

"ह्या गोळ्या कशाच्या?"

"तुला काय करायचं? तुझ्या घरच्या न्हाईत त्या."

"कशाच्या?"

"कंबरेच्या."

"अख्खं पाकीट तसंच हाय. एक बी खाल्ली न्हाई."

"रिकाम्या पोटी खायच्या नसतेत."

"मंग डब्यात भाकर तशीच काहून? काल बी व्हती."

देविदासनं डब्याचं झाकण लावायला घेतलं, ते बसेना. एक खिसा अजून बाहेरच लोंबत होता.

"पारू," वसराम आत बघून म्हणाला, "कालवण हाय का?"

"हाय."

"मी बसत न्हाई," देविदास म्हणाला.

"बस कोन म्हनलं? उभ्यानं खा."

पारुबाईनं वाटी आणून दिली. देविदास बाजेकडे आला नाही. अंगणाच्या कडेला धुण्याचा दगड होता, त्यावर तो रस्त्याकडे तोंड करून बसला, भाकर मोडली आणि खायला लागला. सावकाश, दुखऱ्या कंबरेला सांभाळत. खाऊन झाल्यावर त्यानं पाकिटातली एक गोळी फोडली आणि मागे न बघता पाण्यासाठी हात पुढे केला.

वसरामनं तांब्या दिला. गोळी गिळेपर्यंत तो तिथंच उभा राहून बघत होता. बघू नको, असं देविदास म्हणाला नाही.